तीस सेकंदांची मागणी

जानेवारी हा रस्ता सुरक्षेचा महिना. शाळांमध्ये चित्रकला स्पर्धा, चौकात बिनहेल्मेटच्या दुचाकीस्वाराला गुलाबाचे फूल, मंत्र्यांच्या हस्ते पुस्तिकेचे प्रकाशन, असा त्याचा ठरलेला थाट असतो. नाशिकला यंदा आणखी एक निमित्त मिळाले. १५ जानेवारीला महापालिकेची निवडणूक झाली आणि मार्च २०२२ पासून प्रशासकाच्या हाती असलेल्या शहराला पुन्हा नगरसेवक लाभले. प्रचार गाडीतून उतरूनच करावा लागतो. त्यामुळे निदान त्या पंधरवड्यात तरी अनेक उमेदवारांनी गंगापूर रोड पायी ओलांडला असेल. ओलांडताना त्यांच्यापुढे कार्यकर्ते हात पसरून वाहने थांबवत होते, ही गोष्ट वेगळी. ती सोय रोज ओलांडणाऱ्याला नाही.

अशोक स्तंभापासून निघून जुना गंगापूर नाका, विद्या विकास सर्कल, जेहान सर्कल, आनंदवल्ली, सोमेश्वर करत गंगापूर गावाकडे आणि धरणाकडे जाणारा हा रस्ता. एके काळी तो गावाबाहेर नेणारा रस्ता होता, आता तोच गावाच्या मधोमध आला आहे. पण वाहनांचा वेग मात्र अजून गावाबाहेरचाच आहे. शनिवार-रविवारी धरणाकडे आणि सावरगावच्या वायनरीकडे निघालेल्या पाहुण्यांच्या गाड्यांची त्यात भर पडते. के. टी. एच. एम. महाविद्यालयातली मुले, डोंगरे वसतिगृह मैदानावरच्या प्रदर्शनाला आलेली कुटुंबे, कुसुमाग्रज स्मारकात संध्याकाळच्या व्याख्यानाला येणारे ज्येष्ठ, मंगळवारी आणि चतुर्थीला नवश्या गणपतीला निघालेल्या बायका, सिटीलिंकच्या थांब्यावर उतरून पलीकडच्या कॉलनीत कामाला जाणाऱ्या मावशी: या सगळ्यांना दिवसातून दोनदा तरी हा रस्ता आडवा पार करायचा असतो. बसने आलेल्याला तर ते चुकतच नाही. जाताना थांबा एका बाजूला, येताना दुसऱ्या.

त्यांची मागणी मोठी नाही. सुरक्षित जागी ओलांडता यावे, वाहन थांबावे, आणि पलीकडे पोहोचेपर्यंत थांबलेले राहावे, एवढीच ती आहे.

याचा हिशेब साधा आहे आणि तो नव्या नगरसेवकांनी एकदा कागदावर मांडून पाहावा. माणसाच्या चालण्याचा वेग सिग्नलच्या आखणीत साधारण सेकंदाला १.२ मीटर धरतात. रस्ता २४ मीटर रुंद धरला तर धडधाकट माणसाला २० सेकंद लागतात. गुडघे दुखणाऱ्या, हातात पिशवी आणि बोटाला नातू असलेल्या आजीचा वेग ०.८ मीटर धरा. तिला ३० सेकंद हवेत. आता समोरून येणारी गाडी बघा. ताशी ६० किलोमीटरने येणारी गाडी ५० मीटरचे अंतर तीन सेकंदांत कापते. तीन सेकंदांत आजी जेमतेम अडीच मीटर पुढे गेलेली असते, म्हणजे एक मार्गिकाही पुरती ओलांडून होत नाही. तीच गाडी ३० ने आली तर आजीला दुप्पट वेळ मिळतो, आणि ब्रेक दाबल्यानंतर गाडी थांबायला लागणारे अंतर चौथ्या हिश्श्यावर येते. सरासरी वेग एक टक्क्याने वाढला तर जीवघेण्या अपघाताची शक्यता चार टक्क्यांनी वाढते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे ‘नीट बघून रस्ता ओलांडा’ हा उपदेश ऐकायला शहाणपणाचा असला, तरी वेग आवरलेला नसेल तर बघणाऱ्याने कितीही बघितले तरी ते अपुरेच ठरते.

गंगापूर रोडला वेगाबद्दल बोलण्याचा कंटाळा जुना आहे. रुंदीकरणात इथली जुनी झाडे रस्त्याच्या पोटात आली. रात्री त्यांच्यावर गाड्या आदळल्या, माणसे गेली, आणि वाद उच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. झाडे काढा म्हणणारे आणि झाडे वाचवा म्हणणारे वर्षानुवर्षे भांडले. बुंध्यांवर परावर्तक पट्ट्या चिकटल्या. जागचे न हललेले झाड आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले आणि त्याच्यावर जाऊन आदळणाऱ्या वेगाला कोणी समन्ससुद्धा काढले नाही. वडासारख्या वस्तूलाही जो रस्ता टाळू शकत नाही, तो साडी नेसलेल्या पादचारी बाईला कसा टाळणार, हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता.

पादचाऱ्यांनी तक्रार केली की यंत्रणेकडून दोन ठराविक उत्तरे येतात. एक, भुयारी मार्ग; दोन, पादचारी पूल. दोन्ही उत्तरांत माणसाला रस्त्यावरून हटवून खाली किंवा वर पाठवलेले असते, गाडीला मात्र काहीच करावे लागत नाही. याचा नमुना शोधायला नाशिककराला लांब जायला नको. मुंबई-आग्रा महामार्गावर द्वारका चौकात पादचाऱ्यांसाठी मोठा खर्च करून भुयारी मार्ग बांधला गेला, आणि तो वर्षानुवर्षे वापराविना पडून राहिला. खाली अंधार, कचरा, पाणी; वर गर्दी नेहमीसारखीच गाड्यांमधून वाट काढणारी. यावर ‘लोकांना शिस्तच नाही’ असा शेरा मारून मोकळे होता येते. पण डोक्यावर बोजा घेतलेला मजूर वीस-पंचवीस पायऱ्या उतरून तेवढ्याच पुन्हा चढणार नाही, आणि संध्याकाळी सातनंतर एकटी मुलगी त्या बोगद्यात पाऊल टाकणार नाही, हे आराखडा काढणाऱ्याला घरी विचारले असते तरी कळले असते.

मुंबईत एमएमआरडीएने २००८ मध्ये वांद्र्यापासून सुरुवात करून स्थानकांच्या परिसरात तीसहून अधिक स्कायवॉक उभे केले. त्यांतले काही भरून वाहतात, काही ओस पडले. फरक कुठे पडला ते बघण्यासारखे आहे. जिथे रेल्वेच्या पुलावरून माणूस थेट स्कायवॉकवर येतो, तिथे तो आधीच वर चढलेला असतो. त्याला वरच चालत राहणे सोयीचे. जिथे फक्त रस्ता पार करण्यासाठी चढ-उतार करायला लावली, तिथे तो खालूनच गेला. गंगापूर रोडला रेल्वे स्थानक नाही. इथला माणूस जमिनीवर उतरतो आणि त्याला जमिनीवरूनच पलीकडे जायचे आहे. त्यामुळे उद्या इथे सरकत्या जिन्याचा पादचारी पूल जाहीर झाला, तर रहिवाशांनी नम्रपणे नाही म्हणावे. उद्घाटनाला तो चांगला दिसेल. जिना बंद पडल्यावर त्याच्याखालून ओलांडणारे आपणच असू.

हवे आहे ते स्वस्त आहे, आणि बहुधा म्हणूनच ते होत नाही. नुसते पांढरे पट्टे तर आजही ओढले जातात आणि पहिल्या पावसाळ्यात पुसले जातात. पट्ट्यांखालचा रस्ताच पदपथाच्या उंचीइतका उचलून घेतला तर गाडीला वेग कमी करावाच लागतो, आणि चाकाची खुर्ची किंवा बाळाची गाडीही सरळ जाते. दुभाजकात दोन माणसे नीट उभी राहतील एवढी सपाट, सुरक्षित जागा हवी. आज लोक जिथून जातात ती कोणीतरी लोखंडी जाळी वाकवून केलेली फट असते. झेब्रापाशी गाड्या लावायला मनाई हवी, कारण उभ्या मोटारीआडून निघालेले मूल चालकाला शेवटच्या क्षणी दिसते. त्याच कारणाने पट्टे बसथांब्याच्या मागे हवेत, पुढे नकोत. वर स्वच्छ उजेड हवा. आणि जिथे सिग्नल आहे तिथे पादचाऱ्याचा हिरवा दिवा आजीच्या चालीने मोजलेला हवा. मुंबईत दादरला २०२० मध्ये पादचारी सिग्नलवर पुरुषाकृतीच्या जागी स्त्रीची आकृती आली, त्याचे देशभर कौतुक झाले. कौतुक योग्यच होते. पण त्या दिव्यातल्या बाईला पलीकडे जायला किती सेकंद मिळतात, हे कौतुकाच्या बातम्यांत फारसे कुठे आले नाही.

मनात आणले तर शहर किती झटपट हलते, हे नाशिकने पाहिले आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून इथे हेल्मेट नसलेल्याला पेट्रोल नाही, असा फतवा निघाला होता. तो टिकला किती हा भाग वेगळा, पण पंपापंपावर पोलीस उभे राहिले. ८ ऑक्टोबर २०२२ ला पहाटे औरंगाबाद रोडवरच्या मिरची चौकात बस पेटून बारा प्रवासी गेले, आणि मग अपघातप्रवण चौकांची पाहणी सुरू झाली, अतिक्रमणे हटली, गतिरोधक पडले. पाहणीला मुहूर्त लागतो, आणि तो कोणी काढून दिला हे लिहायलाही संकोच वाटतो. गंगापूर रोडच्या रहिवाशांनी त्या मुहूर्ताची वाट बघू नये, एवढेच या लेखाचे निमित्त.

नागरिकांच्या रेट्याने काही होत नाही, हेही या शहरात खरे नाही. मायको सर्कल आणि त्रिमूर्ती चौकातल्या, सुमारे अडीचशे कोटींच्या दोन उड्डाणपुलांसाठी शेकडो झाडे जाणार होती, त्यांत उंटवाडीचा जुना वड होता. २०२२ मध्ये लोक उभे राहिले, वड वाचला, आणि पुढे ते उड्डाणपूलही बारगळले. वाचवण्यासाठी भांडताना वड डोळ्यांसमोर असतो. त्याला मिठी मारता येते, त्याचा फोटो छापता येतो. न झालेल्या झेब्रा क्रॉसिंगचा फोटो कसा काढणार? पादचाऱ्यांच्या चळवळीची मूळ अडचण ही आहे. नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. व्हिक लांगेनहोफ या पत्रकाराने स्वतःची मुलगी गमावल्यावर पुढच्या वर्षी ‘दे टाइड’ या दैनिकात लेख लिहिला. ‘मुलांची हत्या थांबवा’ हे त्या लेखाचे मथळ्यातले शब्द आंदोलनाचे नाव झाले. आयाबापांनी अपघाताच्या जागा अडवल्या, वस्तीतल्या रस्त्यांवर मुलांना खेळायला बसवले. आज ज्या देशाच्या सायकलींचे आपले पथक अभ्यासदौऱ्यात फोटो काढून आणते, त्या देशाचे रस्ते असे भांडून मिळालेले आहेत. पुण्यात २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता वाहनांना बंद करून पादचारी दिन साजरा होतो. एक दिवस का होईना, रस्त्याच्या मधून चालता येते. बाकीच्या दिवसांचे काय, हा प्रश्न पुणेकर विचारतातच.

आता कायद्याचाही आधार आला आहे. कोइमतूरचे अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. एस. राजशेखरन यांनी २०१२ मध्ये केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये सांगितले, की विनाअडथळा पदपथ हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. ७ ऑक्टोबर २०२५ च्या आदेशात न्यायालयाने आणखी पुढे जाऊन, मोटार वाहन कायद्याच्या कलम १३८(१अ) आणि २१० ड खाली राज्यांनी पादचारी आणि रस्तेरचनेचे नियम सहा महिन्यांत करावेत, असे बजावले. ती मुदत एप्रिलमध्ये संपते. २०२३ मध्ये देशात रस्त्यांवर मेलेल्या १ लाख ७२ हजारांहून अधिक माणसांपैकी ३५ हजारांहून अधिक जण पायी चालणारे होते, हे त्यामागचे कारण. पाच मृत्यूंतला एक. त्याच कायद्याच्या कलम १९८ अ मध्ये, रस्त्याची सदोष रचना मृत्यूला कारण ठरली तर संबंधित यंत्रणेला आणि ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंडाची तरतूद आहे. ती कुठे वापरली गेल्याचे क्वचितच ऐकू येते.

आणि सिंहस्थ दारात आहे. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, २ ऑगस्ट २०२७ ला पहिले अमृतस्नान. कुंभाच्या नावाने रस्ते रुंद होत आहेत, तपोवनातल्या झाडांवरून वाद पेटला, हजारो कोटींचे आकडे रोज छापून येतात. यातली गंमत अशी, की कुंभमेळ्याइतका पायी चालणाऱ्यांचा सोहळा दुसरा नाही. नाशिक रोड स्थानकावर उतरलेला भाविक असो की बाहेरच्या वाहनतळावर गाडी सोडलेला, घाटापर्यंतचा शेवटचा टप्पा त्याला पायीच जायचे आहे. २७ ऑगस्ट २००३ ची चेंगराचेंगरी शहर विसरलेले नाही. चालणाऱ्यांची सोय बघितली नाही की काय होते, ते गोदाकाठच्या गल्लीत त्या दिवशी कळले. मग रुंद झालेल्या प्रत्येक रस्त्याच्या निविदेत पदपथ आणि ओलांडण्याच्या जागा पहिल्या पानावर का नसाव्यात? अशोक स्तंभापासून त्र्यंबक नाक्यापर्यंतच्या १.१ किलोमीटरच्या स्मार्ट रोडसाठी नाशिककरांनी दीर्घ काळ खोदकाम सोसले. तिथे पदपथ तरी पदरात पडले. गंगापूर रोडवर खोदण्यासारखे फारसे काही नाहीच. रंग, काँक्रीट, चार दिवे आणि सिग्नलच्या पेटीतली एक किल्ली फिरवायची आहे.

महापालिकेचे अंदाजपत्रक मार्चअखेरपर्यंत मंजूर व्हायचे आहे. गंगापूर रोड ज्या ज्या प्रभागांतून जातो, तिथल्या नगरसेवकांनी त्याआधी के. टी. एच. एम. समोर, कुसुमाग्रज स्मारकाजवळ आणि आनंदवल्लीत घड्याळ घेऊन उभे राहावे, वयस्कर माणसाला पलीकडे जायला किती सेकंद लागतात ते मोजावे आणि तो आकडा वाहतूक शाखेला लेखी कळवावा. सोबत कार्यकर्ते नेऊ नयेत.