वर्गाची खिडकी उघडीच हवी

रस्त्यालगतच्या शाळेत रोज एक पेच असतो. खिडकी उघडली की हॉर्नचा गोंगाट आत येतो. लावून घेतली की पन्नास-साठ मुलांच्या श्वासाने हवा कोंदट होते. मुलांना पेंग येते, डोके जड होते. क्षयरोग, गोवर, फ्लू हे हवेतून पसरणारे आजार अशाच कोंदट खोलीत फोफावतात. म्हणून डॉक्टर या नात्याने मी सांगेन, खिडकी उघडीच ठेवा.

पण गोंगाटही किरकोळ समजू नका. निसटलेला शब्द मोठी माणसे अंदाजाने जुळवतात. लहान मुलांना ते जमत नाही. शिक्षकांचा आवाज गोंगाटापेक्षा साधारण १५ डेसिबलने वर असेल, तरच मुलांना नीट समजते. त्यासाठी रोज ओरडून शिक्षकांचा घसा बसतो.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये वर्गातल्या गोंगाटासाठी ३५ डेसिबलची मर्यादा सुचवली. आपल्या २००० च्या नियमांनुसार शाळेभोवती किमान १०० मीटरचे शांतता क्षेत्र जाहीर करता येते. तिथे दिवसाची मर्यादा ५० डेसिबल आहे. उघड्या खिडकीतूनही आवाज १० ते १५ डेसिबलने घटतो. म्हणजे बाहेर नियम पाळला, तर खिडकी उघडी ठेवूनही वर्ग बराच शांत राहील.

शाळेने रस्त्याकडच्याऐवजी मैदानाकडच्या खिडक्या आणि व्हरांड्याकडची झडपे उघडावीत, खडखडणारे पंखे दुरुस्त करावेत. पण हॉर्न आवरणे आपल्याच हाती आहे. त्याची शिक्षा मुलांच्या फुप्फुसांना कशाला?