विज्ञान-परिचय : ऐंशीपैकी किती?

लहान विमानाच्या पिस्टन एंजिनाची प्रकृती तपासण्याची एक जुनी रीत आज आपण पाहू.

एंजिन चालवून गरम झाले की ते थांबवून मॅग्नेटो बंद करतात व प्रत्येक सिलिंडरचा एक स्पार्क प्लग काढतात. पिस्टन दाबाच्या फेरीत अगदी वर आणून आत दर चौरस इंचास ८० पौंड दाबाची हवा सोडतात. एक दाबमापक दिलेला दाब दाखवितो, दुसरा टिकलेला. ७२ टिकल्यास '७२/८०' अशी नोंद होते. पाच इंची पिस्टनवर या हवेचा भार सुमारे ७०० किलो पडतो. पिस्टन किंचित ढळला तरी पंखा झटक्याने फिरून माणसास जायबंदी करील; म्हणून तो घट्ट धरणारा सोबती हवाच.

पूर्वापार ६०/८० ही खालची मर्यादा मानतात. परंतु आकड्याइतकेच कानाचेही काम असते. हवा एक्झॉस्टच्या नळीतून फुसफुसली, तर दोष एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा. कार्बुरेटरकडून आली, तर इनटेक व्हॉल्व्हचा. तेल भरण्याच्या तोंडातून आली, तर पिस्टनच्या रिंगांचा. रिंगांची थोडी गळती चालते. जळू लागलेला व्हॉल्व्ह मात्र उड्डाणातच तुटू शकतो. यास्तव काँटिनेंटल कंपनीने २००३च्या सूचनापत्रात दाबाच्या जोडीला बोरस्कोपने सिलिंडर आतून पाहण्यास सांगितले.

कमी गुण दिसताच आम्ही शिक्षक विद्यार्थी कोठे अडला ते शोधतो. सिलिंडर उतरविण्यापूर्वीही हवा कोठून निसटते, हेच आधी विचारावे.