आमदार आपला, पण प्रश्न कोणाचे?

पुलगावला गेलो की स्टेशनवर उतरल्यापासून घरी पोचेपर्यंत किमान तीन जण मला मतदारसंघाचं राजकारण समजावून सांगतात. पहिला रिक्षावाला, दुसरा कोपऱ्यावरचा पानठेलेवाला आणि तिसरे आमचे काका. कोण कोणाचा माणूस, कोणत्या बूथवर कोणी किती वाटले, कोण कोणामुळे पडला, सगळं तोंडपाठ. मी पुण्यात बसून दिवसभर कोड तपासतो, पण माझ्या टीममधल्या कोणाचीही स्मरणशक्ती काकांच्या पासंगालाही पुरणार नाही.

या वेळी मी काकांना एकच प्रश्न विचारला. "काका, पंचवीस वर्षांत आपल्या आमदारानं विधानसभेत पुलगावबद्दल काय विचारलं?"

काका थांबले. सुपारी कातरायची पण थांबली. मग म्हणाले, "आता ते कोण लक्षात ठेवते बाप्पा? पण मानूस चांगला होता. आपल्या घरच्या लग्नाले आला होता."

आजचा हा लेख त्या उत्तराबद्दल आहे. मला राग आमदाराचा आलेला नाही, आपला आलाय. मला जे वाटतं ते सरळ सांगतो, पटलं नाही तर भांडा.

आधी इतिहास, थोडक्यात. आमच्या या मतदारसंघाला साध्यासुध्या लोकांनी कधी 'प्रतिनिधित्व' दिलेलं नाही. प्रभा राव १९७२ पासून इथल्या आमदार. मंत्री झाल्या, १९७९ मध्ये विधानसभेत विरोधी पक्षनेत्या झाल्या. १९८५ मध्ये त्यांना प्रदेश काँग्रेसचं अध्यक्ष केलं म्हणून वसंतदादा पाटलांनी थेट मुख्यमंत्रीपद सोडलं! पुलगावच्या आमदाराच्या नावावरून राज्याचा मुख्यमंत्री राजीनामा देतो, म्हणजे वजन किती असेल बघा. मध्ये १९९० ला शेतकरी संघटनेच्या सरोज काशीकर जनता दलाकडून निवडून आल्या. १९९५ ला पुन्हा राव. १९९९ ला त्या वर्ध्याच्या खासदार होऊन दिल्लीला गेल्या आणि विधानसभेची जागा त्यांचे भाचे रणजित कांबळे यांच्याकडे आली. ती २०२४ पर्यंत, सलग पाच निवडणुका, त्यांच्याकडेच राहिली. मधल्या काळात ते राज्यमंत्रीही होते.

पाच वेळा निवडून येणं ही गंमत नाही. २००८ च्या पुनर्रचनेत 'पुलगाव' हे मतदारसंघाचं नावच गेलं, 'देवळी' झालं, तरी ते निवडून आले. २०१४ ला देशभर लाट होती, तेव्हा हजारापेक्षाही कमी मतांनी का होईना, पण वाचले. २०१९ ला भाजपचे बंडखोर राजेश बकाने अपक्ष उभे राहिले, युतीचा उमेदवार तिसऱ्या नंबरवर गेला आणि कांबळे मोठ्या फरकानं आले. २०२४ ला तेच बकाने भाजपचं तिकीट घेऊन आले आणि जिंकले. आता आमच्या गावात दोन पार्ट्या आहेत. एक म्हणते 'अखेर परिवर्तन झालं', दुसरी म्हणते 'पैशानं पाडलं'.

माझं म्हणणं असं की दोघांनीही मूळ मुद्दा चुकवलाय.

तारीख आठवा. मतदान झालं २० नोव्हेंबर २०२४ ला. त्याच्या बरोबर सहा वर्षं आधी, २० नोव्हेंबर २०१८ ला सकाळी, पुलगावच्या दारूगोळा भांडाराच्या सोनेगाव आबाजीजवळच्या मैदानात जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट झाला. सहा माणसं गेली. त्यात आजूबाजूच्या खेड्यांतले कंत्राटी मजूर होते, रोजीवर गेलेले. त्याआधी ३१ मे २०१६ च्या रात्री भांडारातच आग लागली होती. दोन अधिकाऱ्यांसह पंधराहून जास्त जण गेले, त्यातले बरेच आग विझवणारे जवान. आगरगाव, नागझरीची माणसं रात्री पोरंबाळं उचलून घराबाहेर पळाली. जखमींना तीसेक किलोमीटरवर सावंगीला न्यावं लागलं.

त्या तारखेला आम्ही मतदान केलं. रांगेत उभं राहून. आणि मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यातल्या एकालाही ही तारीख आठवली नाही. कोणत्या बूथवर किती वाटले ते मात्र आठवत होतं.

यावर काका लगेच म्हणतात, "डेपो केंद्राचा, रेल्वे केंद्राची, त्यात आमदार काय करन?" हा युक्तिवाद पुलगावात इतका चालतो की तो आपला ग्रामदैवत झालाय. जरा तपासून बघू. कुंपणाच्या आतला दारूगोळा दिल्लीचा, मान्य. पण कुंपणाबाहेरची गावं कोणाची? तिथला रस्ता, तिथला दवाखाना, भाजलेल्या माणसाला जवळ उपचार मिळणं, कंत्राटदारानं मजुराला कोणत्या अटीवर कामाला लावलं, याची विचारपूस करायला राज्याला कोणी बंदी केलीय? तारांकित प्रश्न आहे, लक्षवेधी आहे, अर्ध्या तासाची चर्चा आहे. हिवाळी अधिवेशन तर नागपुरात भरतं, आपल्या दारात! अवजारं सगळी आहेत, ती चालवा असं सांगणारा मतदार नाही.

आता उलट बाजूनं बघा. केंद्रातही आपली आणि राज्यातही आपली सत्ता, असं होतं तेव्हा काय झालं? २००४ ते २००८ प्रभा राव पुन्हा प्रदेशाध्यक्ष होत्या. मुंबईत त्यांच्याच आघाडीचं सरकार, दिल्लीतही. त्याच वर्षांत वर्ध्यासह सहा जिल्ह्यांत कापूस शेतकऱ्यांच्या आत्महत्या चालू होत्या. २००६ ला पंतप्रधान मनमोहन सिंग स्वतः आले, ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. २००८ ला कर्जमाफी आली, तीही दोन हेक्टरची अट घालून. कोरडवाहू कापसाच्या पट्ट्यात सात-आठ एकरवालाही कंगालच असतो, हे पश्चिम महाराष्ट्राला कळणार नाही, पण आम्हाला तर माहीत होतं! त्याला काय मिळालं? उरलेलं एकरकमी भर, मग थोडी सूट घे. हातात दमडी नाही तो एकरकमी काय भरणार?

म्हणजे 'वर आपला माणूस असला की काम होतं' हा सिद्धांतही आमच्याच गावात नापास झालाय. वजनदार माणूस होता, सत्ता होती. नव्हता तो जाब विचारणारा मतदार.

आणि म्हणूनच मला 'परिवर्तन'वाल्यांचाही उत्साह झेपत नाही. आमदार बदलला, पण आपण त्याच्याकडून मागतो काय? समाजमंदिर, सभागृह, गल्लीतलं सिमेंट, तेराव्याला हजेरी. आमदार निधी वर्षाला पाच कोटी आहे. राज्याच्या बजेटपुढे तो चिल्लर, पण आपला सगळा जीव त्या चिल्लरीत. जे बजेट तो मंजूर करतो, ज्या कायद्यावर हात वर करतो, त्याबद्दल त्याला कोणी विचारत नाही. मग तो तरी कशाला वाचेल? मीसुद्धा माझ्या कामात ज्याची तपासणीच होत नाही ते काम शेवटी ढकलतो. माणूस आहे.

बरं, हे पुण्यात बसून सांगणं सोपं आहे, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. गेली कित्येक वर्षं माझं मत पुण्यातच आहे, पुलगावच्या प्रश्नांवर मला बोलायचा अधिकार किती, हा प्रश्न काकांनीही विचारला. माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण बंद पडलेल्या कापड मिलसमोरून जाताना आमच्या वर्गातली अर्धी पोरं कुठे कुठे गेली ते आठवतं. गाव सोडावं लागलेल्या माणसाला निदान 'का' एवढं विचारायचा हक्क असावा.

तर करायचं काय? मोर्चा नको, उपोषण नको. एक वही घाला. दोनशे पानी, शाळेची चालेल. दर अधिवेशन संपलं की आपल्या आमदारानं काय विचारलं, कशावर बोलला, किती दिवस हजर होता, ते लिहा. विधानसभेचं कामकाज छापलं जातं, ते काही गुपित नाही. पानठेल्यावर ती वही ठेवा, जिथे सगळे येतात. पाच वर्षांनी मत मागायला कोणीही आलं, कांबळे असोत, बकाने असोत, की तिसराच कोणी, आधी वही पुढे करायची.

निघताना काकांना वही आणून दिली. ते हसले. म्हणाले, "पहिल्या पानावर काय लिहू?"

मी म्हटलं, २० नोव्हेंबर लिहा. दोन्ही सालं लिहा.