भटारखान्यातील उष्मा आणि उतारवय

दुपारी एकची वेळ. खानावळीत ताटे खोळंबलेली, मदतनीस गैरहजर, धूर ओढणारा पंखा बंद. धंदा आधीच बेताचा. म्हणून साठी उलटलेले आचारी भट्टीपुढून हलत नाहीत, पाणीही पीत नाहीत. आपल्या घरातील कुणी ज्येष्ठ असे काम करीत असतील, तर वाचकहो, पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

उतारवयात तहानेची जाणीव मंदावते. रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी गोळी चालू असल्यास शरीरातील पाणी व क्षार अधिकच घटतात. म्हणून तहानेची वाट न पाहता दर 20 मिनिटांनी पेलाभर पाणी घ्यावे. हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास पाण्याचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. गोळी मात्र परस्पर बंद करू नये.

भोवळ, पेटके, मळमळ ही पूर्वसूचना होय. तत्काळ काम थांबवून गार जागी बसावे. बोलणे असंबद्ध झाले वा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात असू शकतो. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ती येईपर्यंत अंग पाण्याने भिजवून वारा घालावा. बेशुद्ध व्यक्तीस पाणी पाजू नये.

गिऱ्हाईक घटकाभर थांबेल. शरीर थांबत नाही, हे मालकांनीही जाणावे.