वेळ मोजण्याचा छंद आणि मराठवाडा

औंढा नागनाथच्या परिसरात 'लायगो-इंडिया' ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहावयाची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपयांस मंजुरी दिली. आज हा भाग हिंगोली जिल्ह्यात असला, तरी १ मे १९९९ पर्यंत तो परभणी जिल्ह्याचाच होता. साहजिकच या प्रकल्पाविषयी आपल्याकडे बोलणे होते ते जमिनीचे, रस्त्यांचे आणि नोकऱ्यांचे. त्यात वावगे काही नाही. मात्र एक प्रश्न क्वचितच विचारला जातो. या वेधशाळेत मराठवाड्याची मुले कोणत्या नात्याने प्रवेश करणार? उपकरणे हाताळणारे म्हणून, की केवळ फाटकावरचे पहारेकरी म्हणून?

या प्रश्नाचा संबंध वरकरणी क्षुल्लक वाटणाऱ्या एका छंदाशी आहे. तो छंद म्हणजे अचूक वेळ मोजण्याचा. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील दोन वेधशाळांनी पहिली गुरुत्वीय लहर टिपली. लिव्हिंग्स्टन येथे ती हॅनफर्डच्या सुमारे ७ सहस्रांश सेकंद आधी पोहोचली. लहर आकाशाच्या कोणत्या दिशेने आली हे ठरविण्यास वेळेतील असाच फरक उपयोगी पडतो. दोन ठिकाणच्या घड्याळांचा मेळ नसेल, तर ही दिशा ठरविणेच अशक्य होते. औंढ्याच्या वेधशाळेचे महत्त्व आहे ते यासाठी की, इतक्या दूरचे तिसरे ठिकाण मिळाले म्हणजे दिशा अधिक नेमकी ठरते.

पाश्चात्त्य देशांत असे मापन केवळ प्रयोगशाळांपुरते राहिलेले नाही. जुनी, कार्यालयांनी मोडीत काढलेली आण्विक घड्याळे विकत घेऊन दुरुस्त करणारे हौशी लोक तेथे आहेत. २००५ साली अमेरिकेतील अशाच एका गृहस्थाने तीन सीझियम घड्याळे मोटारीत घातली आणि मुलांसह माउंट रेनियर पर्वतावर दोन दिवस मुक्काम केला. परतल्यावर ती घड्याळे घरच्या घड्याळांपेक्षा सुमारे २२ अब्जांश सेकंद पुढे गेलेली आढळली. उंचीवर काळ किंचित वेगाने सरतो, हा आइन्स्टाइनचा सिद्धान्त त्या मुलांनी घरबसल्या पडताळून पाहिला.

आपणाजवळ सीझियम घड्याळ नाही, हे खरे. परंतु आरंभ करावयास त्याची गरजही नाही. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर बेतलेली आहे. मुंबईने ती सहजी स्वीकारली नाही; तेथे १९५५ पर्यंत मुंबईची स्वतंत्र वेळ टिकून होती. परभणी या रेखावृत्ताच्या पश्चिमेस पावणेसहा अंशांवर आहे. म्हणजे आपले घड्याळ येथील सूर्यापेक्षा सरासरी २३ मिनिटे पुढे चालते. लग्नमंडपातील घटिकापात्राने मोजली जाणारी एक घटका २४ मिनिटांची; जवळजवळ तेवढाच हा फरक. अंगणात सरळ काठी रोवून सावली सर्वांत आखूड केव्हा होते ते पाहावे. नोव्हेंबरच्या आरंभी ती वेळ १२ वाजून ६-७ मिनिटांच्या सुमारास येते, तर फेब्रुवारीच्या मध्यास १२ वाजून ३७ मिनिटांच्या आसपास. वर्षभर नोंदी ठेवणाऱ्या विद्यार्थ्यास पृथ्वीची कक्षा आणि तिच्या आसाचा कल वेगळा शिकवावा लागणार नाही.

भिंतीवरचे साधे क्वार्ट्झ घड्याळ घ्या. त्यातील स्फटिक सेकंदास ३२,७६८ वेळा कंप पावतो. सुमारे २५ अंश तापमानास जुळवलेला हा स्फटिक ४५ अंशांच्या खोलीत दिवसाकाठी सुमारे एक सेकंद मागे पडतो. परभणीचा उन्हाळा असा घड्याळातही मोजता येतो.

अर्थशास्त्राच्या अध्यापकास याहून मोलाचे वाटते ते विजेच्या वारंवारतेचे मापन. आपल्या विजेची नियत वारंवारता सेकंदास ५० आवर्तने. मागणी पुरवठ्याच्या पुढे गेली की ती घसरते, मागणी कमी झाली की चढते. ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी जोडले गेल्यापासून भारतभर एकच वारंवारता आहे. २००२ पासून टप्प्याटप्प्याने लागू झालेल्या दरपद्धतीत तर ठरल्यापेक्षा अधिक उचललेल्या विजेचा दरच वारंवारतेवरून निश्चित होत असे. मागणी-पुरवठ्याचा सिद्धान्त फळ्यावर शिकविणाऱ्या आम्हा मंडळींनी वर्गातील खटक्याजवळ एक वारंवारतामापक लावला, तर साऱ्या देशाची मागणी क्षणोक्षणी डोळ्यांसमोर हलताना दिसेल.

यावर आक्षेप ठरलेला आहे. जेथे कापसास भाव नाही आणि उन्हाळ्यात नळास पाणी नाही, तेथे सेकंदाचे तुकडे मोजण्याची चैन कशाला? आक्षेप प्रामाणिक आहे. पण मागासलेपणा केवळ निधीच्या अनुशेषात नसतो. मापनाची सवय नसणे हाही अनुशेषच. पाऊस किती पडला, विहिरीची पातळी किती उतरली, काट्यावर कापूस किती भरला, हे ज्यास स्वतः मोजता येत नाही त्यास दुसऱ्याने सांगितलेला आकडा मान्य करावा लागतो. शिवाय अचूक वेळ ही अर्थशास्त्रीय अर्थाने सार्वजनिक वस्तू आहे. एकाने घेतली म्हणून ती दुसऱ्यास कमी पडत नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने राखलेली प्रमाणवेळ इंटरनेटवर उपलब्ध आहे. उपग्रहाची वेळ पकडणारा छोटा ग्राहकही फार महाग राहिलेला नाही.

तेव्हा अपेक्षा मोठी नाही. जिल्ह्यातील प्रत्येक महाविद्यालयात एक शंकू, एक उपग्रह-ग्राहक, एक वारंवारतामापक आणि एक नोंदवही असावी. नोंदवहीत विद्यार्थ्यांनी रोजच्या मापनाबरोबर त्यातील चुकीची मर्यादाही लिहावी. परीक्षेत यास गुण नसावेत, म्हणजे हा छंद छंदच राहील. वेधशाळा उभी राहण्यास अद्याप काही वर्षे आहेत. तिच्या दाराशी आपल्या मुलांनी अर्ज घेऊन जावे, तसे नोंदवह्याही घेऊन जावे.