टायरचे पैसे

रविवारी सकाळी सात वाजले की खोपोलीकरांना गजराच्या घड्याळाची गरज उरत नाही. मुंबईकडून बाईकवाल्यांचे जथेच्या जथे येतात. एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी, त्यामुळे लोणावळ्याला जायचं तर जुना हायवे आणि आमचा बोरघाट. कुणी रमाकांतच्या वड्याला थांबतं, कुणी वर शिंग्रोबाला हात जोडतं आणि ती रंगीबेरंगी फौज गुरगुरत घाट चढू लागते. चहाचा कप हातात घेऊन हा आवाज ऐकायचा आणि "काय ही आजची पिढी!" असं पुटपुटायचं, हा माझा निवृत्तीनंतरचा आवडता उद्योग होता. 'होता' असं मुद्दाम लिहितोय.

झालं असं, की माझा नातू चिंचवडला नोकरी करतो. त्याच्याकडे यामाहाची आर-१५ आहे. दर शनिवारी घाट उतरून तो आमच्याकडे येतो आणि रविवारी संध्याकाळी परत जातो. गेल्या मे महिन्यात आला आणि जेवता जेवता म्हणाला, "आजोबा, पावसाच्या आधी टायर बदलून घेतो. दोन्ही."

"का? फुटले?"

"नाही हो, झिजलेत."

मी हात धुऊन, चष्मा लावून अंगणात गेलो. टायरवर खाचा चांगल्या दिसत होत्या. माझ्या हिशेबात खाच दिसतेय तोवर टायर नवाच! मग खर्च विचारला. चांगल्या कंपनीचे, ओल्या रस्त्याला घट्ट धरणारे, रेडियल जातीचे दोन टायर म्हणजे चौदा हजार. साधे घेतले तर आठ हजारात काम होईल, पण त्याला ते नको होते. झालं! माझ्यातला मास्तर जागा झाला. मी अख्खी स्कूटर याहून कमी पैशात घेतली होती, वगैरे वगैरे. पोरगं बिचारं मान खाली घालून आमरस खात होतं.

तेवढ्यात आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, घेऊ दे त्याला. त्या साली तुम्ही दोन टायर घेतले असतेत तर..."

वाक्य तिनं पुरं केलं नाही. मीही पुढे काही बोललो नाही.

आता 'ती साल' कोणती, ते सांगतो. नातेवाइकांपैकी बऱ्याच जणांना ही हकिगत ठाऊक आहे, पण अर्धीच. १९८८ च्या जुलैमध्ये आम्ही दोघं लोणावळ्याहून स्कूटरवरून परत येत होतो. पाऊस होता, पण आमच्याकडचा नेहमीचाच. शिंग्रोबाच्या अलीकडच्या वळणावर स्कूटर घसरली. मला खरचटलं. हिनं उजवा हात टेकला आणि तो मनगटात मोडला. हाड जुळलं, पण थोडं वाकडंच. त्यानंतर तिच्या हातची तांदळाची भाकरी आमच्या घरात कधी झाली नाही. पीठ थापायला मनगट वळतच नाही. भेटायला आलेल्या प्रत्येकाला मी सांगितलं, "ट्रकमधून डिझेल सांडलं होतं रस्त्यावर." पुढे इतकी वर्षं तेच सांगत आलो. सांगून सांगून मलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

डिझेल नव्हतं. टायर गोटा झाले होते. बजाजच्या स्कूटरची चाकं सारखीच असत. मागचं झिजलं की पुढे लावायचं आणि मागे स्टेपनी चढवायची, असा आम्हा सगळ्यांचाच हिशेब. माझ्या पुढच्या चाकावरचा टायर तळहातासारखा गुळगुळीत होता आणि मागचा रबर चढवून आणलेला. नवे टायर दिवाळीच्या सुमारास घेऊ, असं मी ठरवलं होतं. पैसे अगदीच नव्हते असंही नाही. टायर ही पैसे घालण्याची वस्तू आहे, हेच डोक्यात नव्हतं. आणि हिला हे सगळं पहिल्या दिवसापासून माहीत होतं, हे मला परवाच्या त्या अर्ध्या वाक्यानं कळलं.

असो.

दुसऱ्या दिवशी मी नातवाबरोबर शिळफाट्याजवळच्या टायरच्या दुकानात गेलो. दुकानदार माझा जुना विद्यार्थी. गणितात जेमतेम पास होणारा. पण त्यानं मला त्या दिवशी तासभर शिकवलं आणि मी मुकाट्यानं शिकलो. "सर, हे वाचा," म्हणून त्यानं टायरच्या कडेवर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं १४०/७० आर १७, ६६ एच. मला वाटायचं, हा कंपनीचा काहीतरी नंबर असेल. तर १४० म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७० म्हणजे त्या रुंदीच्या सत्तर टक्के उंची. आर म्हणजे रेडियल, १७ इंचांची रिम. ६६ या आकड्याचा अर्थ, एका टायरला ३०० किलो वजन पेलतं. आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत त्याची हमी. शेजारी एका लांबट चौकटीत चार आकडे असतात. २३२४ असेल तर टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. रबर नुसतं पडून राहिलं तरी कडक होत जातं, म्हणून 'नवा' टायर घेताना ही तारीख बघायची. मंडळी, दुधाच्या पिशवीवरची तारीख आपण डोळे फाडून बघतो. टायरवरची कितीजण बघतात?

मी एक शेवटचा वाद घालून पाहिला. "अरे, शर्यतीतले लोक तर बिनखाचांचेच टायर वापरतात. मी टीव्हीवर पाहिलंय." २०२३ च्या सप्टेंबरमध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपीची शर्यत झाली होती, ती नातवामुळे मीही थोडी पाहिली होती. विद्यार्थी हसला. म्हणाला, "सर, ते कोरड्या ट्रॅकसाठी. खाच नसली की जास्त रबर रस्त्याला टेकतं, म्हणून पकड जास्त. पण पाऊस आला की तेसुद्धा खाचांचे टायर चढवतात. खाचा पाणी बाहेर काढायला असतात. पाणी निघालं नाही की टायर पाण्यावर तरंगतो. आणि ते मऊ रबर गरम झाल्याशिवाय चिकटत नाही. शर्यतीआधी टायरना विजेच्या गोधड्या गुंडाळून ठेवतात, सर!"

हे ऐकल्यावर निवडीचा प्रश्न माझ्यापुरता सुटला. जाहिरातीत गुडघा रस्त्याला टेकवणाऱ्या स्वाराचं चित्र असतं, ते बघून टायर घ्यायचा नसतो. आपण कुठे, कधी आणि कशात गाडी चालवतो ते बघून घ्यायचा असतो. आमच्याकडे चार महिने धो धो पाऊस. वळणांवर शेवाळ, पालापाचोळा, डोंगरातून वाहून आलेली बारीक खडी. शर्यतीच्या जवळ जाणारा अतिमऊ टायर इथे गरमच होणार नाही. उलट, वर्षानुवर्षं न झिजणारा कडक टायर ओल्या रस्त्याला धरणार नाही. ओल्या रस्त्यासाठी सिलिका घातलेलं रबर, मध्ये थोडं कडक आणि कडांना मऊ, पुरेशा खाचा असलेलं, हे आपल्याकडच्या स्पोर्ट्स बाईकला खरं उपयोगी. आणि माप कंपनीनं दिलंय तेच. मागे जाडजूड टायर घालायची पोरांत फॅशन आहे. १४० च्या रिमवर १६० चा टायर कोंबला की तो दोन्ही बाजूंनी चिमटला जातो, त्याचा आकार बिघडतो आणि गाडी वळायला जड होते. दिसायला पहेलवान, चालायला अडाणी!

आता पैशांचं. मास्तरकी सुटत नाही, म्हणून वहीत मांडलं. चौदा हजारांचे टायर दुकानदाराच्या अंदाजानं बारा हजार किलोमीटर चालतील, म्हणजे किलोमीटरला एक रुपया सतरा पैसे. आठ हजारांचे वीस हजार किलोमीटर चालतील, म्हणजे चाळीस पैसे. फरक सत्याहत्तर पैशांचा. खोपोलीहून लोणावळा पंधरा किलोमीटर धरा. साडेअकरा रुपये! तेवढ्यात हल्ली वडापावसुद्धा येत नाही. १९८८ साली मी जे पैसे वाचवले, त्याचा हिशेब मात्र या वहीत मांडता आला नाही.

पण चांगले टायर घेतले म्हणजे काम झालं, असं नाही. त्यांच्याबरोबर नांदावं लागतं. नवा टायर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर गुळगुळीत असतो, तेव्हा हळू चालवायची. हवा आठवड्यातून एकदा, टायर थंड असताना, गाडीवर लिहिलेल्या आकड्याप्रमाणे. काही पोरं पकड वाढावी म्हणून हवा कमी ठेवतात. ते बंद ट्रॅकवर ठीक. आपल्या खड्ड्यांत रिम वाकते. रोज सरळ हायवेवरून जाणाऱ्याचा टायर मधोमध झिजून सपाट होतो. मग वळणावर गाडी कलवली की ती एकदम कडेवर पडल्यासारखी होते. खाचांच्या आत बारीक उंचवटे असतात, कडेवर टीडब्ल्यूआय ही तीन अक्षरं त्यांची जागा दाखवतात. रबर झिजून त्या उंचवट्यांना टेकलं की टायर संपला, मग खाच दिसो वा न दिसो. नातवाच्या टायरचं नेमकं हेच झालं होतं. माझ्या चष्म्याला ते दिसलं नव्हतं.

आणि आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप, ती गोष्ट. नवे टायर घालून महिना झाला, तेव्हा नातू थोडा खट्टू होऊन आला. विचारलं तर सांगेना. मग कळलं, की त्याच्या मित्रांनी त्याची थट्टा केली होती. टायरच्या दोन्ही कडांना बोटभर पट्टी कोरी राहिली होती. म्हणजे तो वळणावर गाडी पुरेशी कलवत नाही, म्हणजे घाबरट! या कोऱ्या पट्टीला ही पोरं 'चिकन स्ट्रिप' म्हणतात. ती घासून नाहीशी करण्यासाठी काही जण रविवारी पहाटे घाटात येतात, असंही त्यानं सांगितलं. म्हणजे आमच्या सकाळच्या आवाजातला काही आवाज या पट्टीचा होता तर!

त्याला मी जे सांगितलं, तेच इथे लिहितो. मोटारसायकल रस्त्याला टेकते ती जेमतेम दोन तळहातांएवढ्या जागेत. तेवढ्या रबराकडे पकडीचा एकच गल्ला असतो. वळण्यासाठी त्यातूनच काढायचं, ब्रेकसाठीही त्यातूनच. सगळी पकड वळण्यात खर्च केली आणि पुढे म्हैस आडवी आली, तर ब्रेक कशाच्या जिवावर लावणार? ती कोरी पट्टी म्हणजे बँकेतली शिल्लक आहे. शिल्लक आहे म्हणून कुणी कुणाला घाबरट म्हणतं का? चौदा हजार दिलेत ते जास्त कलण्यासाठी नाहीत, चुकलास तर सावरता यावं म्हणून. जो टायर जास्त धरतो, तो जास्त वेगाचा मोह घालतो, हा त्याचा खरा तोटा. खरोखर डिझेल सांडलं असेल, तर जगातला कुठलाच टायर धरत नाही.

हे त्याला कितपत पटलं, माहीत नाही. चोविसाव्या वर्षी मलाही आजोबांचं किती पटत होतं? पण परवा तो आला तेव्हा मी गुपचूप वाकून बघितलं. पट्टी होती.

हवेनं भरलेला टायर १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरनं केला, तो स्वतःच्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी. पोराला रस्त्याचे धक्के बसू नयेत म्हणून. म्हणजे बाप टायर करत बसला होता आणि आपण बाप-आजोबा टायरच्या बिलावर वाद घालतो! पोरांना महागडी गाडी आपणच घेऊन देतो, मोबाईल घेऊन देतो. टायरचं नाव काढलं, की "अजून एक पावसाळा जाईल" म्हणतो. माझ्या भाच्यांनो, पुतण्यांनो, तुमच्या घरातही बाईक आहेत. उद्या सकाळी जरा खाली जाऊन वाकून बघा. शिंग्रोबाला हात जरूर जोडा, पण ते टायर बघून झाल्यावर.

हे सगळं लिहून झाल्यावर हिला वाचून दाखवलं. नेहमीसारखं "बरं आहे" म्हणाली नाही. म्हणाली, "डिझेल नव्हतं, हे लिहिलंत ना?"

"लिहिलं."

"मग राहू दे," म्हणाली आणि डाव्या हातानं चहाचा कप पुढे सरकवला.