रजिस्टरला न दिसणारी रॅम

तुमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये मशीन किती, हे लॅब असिस्टंट झटकन सांगतील. डेड स्टॉक रजिस्टरमध्ये सगळं असतं: कधी घेतलं, कितीला घेतलं, कुठे ठेवलं. आता विचारा, सात नंबरच्या मशीनमध्ये आज रॅम किती? रजिस्टर गप्प. ते खरेदीच्या दिवशी लिहिलेलं. नंतर कुठली रॅम कुठे गेली, कुठली हार्ड डिस्क बदलली, याची नोंद सहसा कुणी करत नाही.

बिघडतं काय? तुमचा प्रोग्रॅम एका मशीनवर पळतो, शेजारच्यावर रखडतो आणि तुम्ही रात्रभर कोडमध्ये चूक शोधत बसता. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम आणि टीपीएम २.० लागतं. लॅबमधली किती मशीन त्यात बसतात, हे कोण सांगणार? आणि रॅमची एक पट्टी गायब झाली, तर संशय शेवटच्या बॅचवर. कधी गेली हेच माहीत नसताना पोरांकडून वर्गणी काढून भरपाई घेणं, हा सरळसरळ अन्याय आहे.

खरं तर मशीनला स्वतःची माहिती असते. मदरबोर्डवरचं फर्मवेअर ती ‘एसएमबायॉस’ नावाच्या ठरावीक तक्त्यात मांडून ठेवतं. लिनक्सवर ‘डीएमआयडीकोड’ तो तक्ता वाचतं, विंडोजवर पॉवरशेलमधून ‘गेट-सिमइन्स्टन्स’ने बरीचशी माहिती मिळते. (जुन्या व्हिडिओंमधल्या ‘डब्ल्यूएमआयसी’च्या नादी लागू नका, मायक्रोसॉफ्ट ते काढून टाकतंय.) एक छोटी स्क्रिप्ट लिहा. मशीन सुरू झालं की ती चालेल, माहिती लॅबच्या सर्व्हरवर टाकेल. कालची आणि आजची फाइल ताडून पाहिली की कुठल्या मशीनमध्ये काय बदललं, हे तारखेसकट कळतं. सगळं स्वतः लिहायचं नसेल तर ‘जीएलपीआय’ आणि ‘ओसीएस इन्व्हेंटरी’ ही ओपन सोर्स साधनं आहेतच.

एक खाच मात्र आहे. असेंबल केलेल्या मशीनमध्ये सिरीयल नंबरच्या जागी अनेकदा नुसतं ‘टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम.’ असं येतं. त्यावर विसंबलात तर वीस मशीनचं तुमच्या यादीत एकच मशीन होईल! सोबत नेटवर्क कार्डचा मॅक ॲड्रेस घ्या. तुटकी खुर्ची किंवा अडकणारी की स्क्रिप्टला दिसत नाही, त्यासाठी लॅबमध्ये फिरावंच लागेल. आणि माहिती फक्त हार्डवेअरची गोळा करा. कोण बसलं, काय बघितलं, यात नाक खुपसायचं नाही.

डीएमआयडीकोडला रूटचे अधिकार लागतात, म्हणजे लॅब इनचार्जची परवानगी आलीच. अर्ज लेखी द्या, सोबत स्क्रिप्टची प्रिंट जोडा आणि आधी एकाच मशीनवर चालवून दाखवा.